डेटाबेसची रोजकीर्द का फुगते?

कार्यालयातील सर्व्हर सुरू असतो, जोडण्या सुरळीत असतात, वीजही गेलेली नसते. तरीही सकाळची पहिली पावती करायला घेतली, की हिशेबाची संगणकप्रणाली साफ नकार देते. पडद्यावर उमटलेल्या इंग्रजी संदेशाचा अर्थ एवढाच असतो, की डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन लॉग भरला आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये या त्रुटीला ९००२ हा क्रमांक आहे. शोध घेतला, की चमत्कारिक चित्र समोर येते. संस्थेची सारी माहिती जिच्यात आहे ती मुख्य फाइल ८-१० जीबीची असावी आणि तिच्या शेजारी पडून असलेली, एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेली लॉग फाइल शंभर जीबीच्या पुढे गेलेली असावी, असा हा प्रकार. हार्ड डिस्कवर जागा उरलेली नसते. खिडकीपुढची रांग वाढू लागते आणि कोणाच्या तरी मनात येते, की ही निरुपयोगी फाइल काढून टाकली की प्रश्न मिटला.

नेमका हाच विचार घातक ठरतो. त्याचे मूळ 'लॉग' या शब्दातच आहे. संगणकावर नाना प्रकारचे लॉग साठत असतात. कोणी केव्हा प्रवेश केला, कोणता कार्यक्रम केव्हा बंद पडला, संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली, अशा नोंदींच्या त्या फायली असतात आणि त्या खोडल्याने फारसे कोणाचे बिघडत नाही. डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन लॉग मात्र या पंक्तीतला नव्हे. तो डेटाबेसचाच अर्धा भाग आहे, आणि प्रसंगी अधिक विश्वासार्ह अर्धा.

कीर्द आधी, खतावणी मागून

ज्यांनी जुन्या पेढीवरचा हिशेब पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागणार नाही. मुनीम दिवसभरातला प्रत्येक व्यवहार ज्या क्रमाने घडेल त्याच क्रमाने रोजकीर्दीत टिपून ठेवत असे. मग सवडीने त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवल्या जात. खतावणीतले एखादे पान फाटले, किंवा खतवता खतवता दिवे लागणीची वेळ होऊन काम अर्धवट राहिले, तरी घाबरण्याचे कारण नसे. कीर्द शाबूत असली, की खतावणी पुन्हा उभी करता येई. कीर्दच हरवली तर मात्र अर्धवट खतवलेल्या खात्यांवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न उभा राही.

डेटाबेसचे कामकाज याच रीतीने चालते. मुख्य फाइल ही खतावणी आणि लॉग ही रोजकीर्द. एका खात्यातून ५,००० रुपये काढून दुसऱ्या खात्यात जमा करायचे आहेत असे समजू या. या एका व्यवहारात दोन बदल आहेत. पहिला झाला आणि दुसऱ्याच्या आत वीज गेली, तर ५,००० रुपये हवेत विरले, असे होऊन चालणार नाही. म्हणून डेटाबेस प्रणाली एक नियम कसोशीने पाळते. मुख्य फाइलमध्ये कोणताही बदल उतरण्यापूर्वी त्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष डिस्कवर, गेलेली असली पाहिजे. 'व्यवहार पूर्ण झाला' असा संदेश वापरणाऱ्याला दिसतो तो लॉगमधील नोंद पक्की झाल्यावर. मुख्य फाइलमधील आकडे त्या क्षणी बदललेले असतीलच असे नाही. ते संगणकाच्या स्मृतीत बदललेले असतात आणि काही काळाने एकगठ्ठा डिस्कवर उतरवले जातात.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे कोणी विचारील. कारण व्यवहारी आहे. मुख्य फाइलमधील खाती ठिकठिकाणी विखुरलेली असतात. प्रत्येक व्यवहारासाठी डिस्कवर दहा जागी जाऊन लिहायचे तर काम मंदावते. लॉगमध्ये मात्र शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ लिहीत जायचे, इतकेच. ते झपाट्याने होते. त्यामुळे वेग आणि सुरक्षितता ही दोन्ही साधतात. सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला, की प्रणाली लॉग वाचते. पूर्ण झालेले पण मुख्य फाइलपर्यंत न पोचलेले व्यवहार पुन्हा लावते आणि अर्धवट राहिलेले मागे घेते. एखादा बदल पुन्हा कसा करायचा आणि तो पुसायचा कसा, हे दोन्ही त्या नोंदींत असते. मुख्य फाइलला ही स्मृती नसते.

या शास्त्राचा पाया १९७०च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' या प्रकल्पात घातला गेला. त्यातील एक प्रमुख संशोधक जिम ग्रे यांना १९९८ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. (जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात आपल्या शिडाच्या नौकेतून एकटेच गेलेले ग्रे परत आलेच नाहीत. व्यवहार कधीही अर्धवट राहू नये यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा असा शेवट चटका लावणारा होता.) पुढे १९९२ साली सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' ही पुनर्प्राप्तीची पद्धत सविस्तर मांडली. मोहन हे चेन्नईच्या आयआयटीचे विद्यार्थी. आजच्या अनेक डेटाबेस प्रणाली याच पद्धतीच्या वळणाने चालतात.

पिंप आखडत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कीर्दीत रोज भर पडणार हे खरे. पण मग ती अनंत काळ वाढतच राहायची काय? तसे नाही. लॉग फाइल आतून अनेक कप्प्यांत विभागलेली असते आणि ती रहाटगाडग्यासारखी वापरली जाते. शेवटचा कप्पा भरला, की प्रणाली पुन्हा पहिल्या कप्प्याकडे येते. तो मोकळा झालेला असेल, तर जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात आणि फाइलचा आकार आहे तेवढाच राहतो. पहिल्या कप्प्यातील नोंदींची अजून कोणाला तरी गरज असेल, तर त्या पुसता येत नाहीत. मग प्रणालीपुढे एकच मार्ग उरतो. फाइल लांबवायची आणि नवा कप्पा जोडायचा. लांबवायला डिस्कवर जागा नसली, की उगवते ती ९००२ क्रमांकाची त्रुटी.

म्हणजे लॉग फुगतो तो व्यवहार फार झाले म्हणूनच असे नाही. जुने कप्पे मोकळे होत नाहीत म्हणूनही तो फुगतो, आणि बहुतेक वेळा कारण हेच असते. दिवसाला काही लाख व्यवहार करणाऱ्या डेटाबेसचा लॉग वर्षानुवर्षे ४ जीबीत मावतो आणि दिवसाकाठी ५०० पावत्या फाडणाऱ्या कार्यालयाचा लॉग डिस्क गिळून टाकतो, यात विसंगती काहीच नाही.

येथे आणखी एक घोटाळा होतो. कप्पे मोकळे होणे आणि फाइल लहान होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पिंपातले धान्य संपले म्हणून पिंप आखडत नाही. कोणीतरी सांगितलेला उपाय मन लावून केला, लॉगचा बॅकअप घेतला आणि फाइल पाहिली तर ती होती तेवढीच. मग उपाय फसला असे समजून माणसे भलत्या मार्गाला लागतात. वस्तुतः उपाय लागू पडलेला असतो. फाइल आतून ९५ टक्के रिकामी झालेली असते आणि पुढचे कित्येक महिने तिला वाढण्याची गरज पडणार नसते.

कोणी अडवून धरले आहे?

फुगलेल्या लॉगसमोर बसलेल्याने विचारण्याचा पहिला प्रश्न 'हा लहान कसा करू?' हा नव्हे, तर 'जुने कप्पे कोणी अडवून धरले आहेत?' हा आहे. सुदैवाने याचे उत्तर प्रणाली स्वतःच देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ सालच्या आवृत्तीपासून सर्व डेटाबेसच्या यादीत एक रकाना आहे. लॉगची जागा पुन्हा वापरण्यासाठी सध्या कशाची वाट पाहिली जात आहे, ते त्यात एका शब्दात लिहिलेले असते. वर्षानुवर्षे सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांना या रकान्याची खबर नसते, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

या रकान्यात सर्वाधिक वेळा दिसणारे उत्तर म्हणजे 'लॉग बॅकअप'. एसक्यूएल सर्व्हरच्या २००० सालच्या आवृत्तीपासून प्रत्येक डेटाबेससाठी पुनर्प्राप्तीच्या तीन पद्धतींतून एक निवडायची असते : सिंपल, फुल आणि बल्क-लॉग्ड. तिसरी मोठ्या प्रमाणावर माहिती भरण्याच्या वेळेपुरती असते, तिला येथे बाजूला ठेवू. 'सिंपल' पद्धतीत, व्यवहार पूर्ण होऊन मुख्य फाइलमध्ये उतरला, की त्याच्या नोंदीचा कप्पा आपोआप मोकळा होतो. 'फुल' पद्धतीत तो तसा होत नाही. त्या नोंदींचा स्वतंत्र बॅकअप घेतला जाईपर्यंत प्रणाली त्यांना हात लावत नाही. बहुतेक आवृत्त्यांमध्ये नवा डेटाबेस मुळातच 'फुल' पद्धतीने तयार होतो, आणि हे निवडणाऱ्याला ठाऊक नसते, कारण त्याने काही निवडलेलेच नसते.

'आमच्याकडे रोज रात्री संपूर्ण बॅकअप घेतला जातो,' असे यावर अभिमानाने सांगितले जाते. पण संपूर्ण बॅकअप लॉगचे कप्पे मोकळे करत नाही. ही गोष्ट प्रथमदर्शनी अन्यायाची वाटते. तिच्यामागे विचार आहे. समजा, कालच्या रात्रीचा संपूर्ण बॅकअप ऐन वेळी उघडला नाही. लॉगचे बॅकअप अखंड असतील, तर परवाच्या रात्रीचा बॅकअप घेऊन त्यावर दोन दिवसांच्या नोंदी क्रमाने लावता येतात आणि काहीच हरवत नाही. संपूर्ण बॅकअपने लॉग पुसला असता, तर ही साखळी दर रात्री तुटली असती.

दुसरे उत्तर असते 'चालू व्यवहार'. कोणीतरी व्यवहार सुरू करून तो पूर्णही केलेला नसतो आणि मागेही घेतलेला नसतो. दुरुस्तीसाठी उघडलेल्या खिडकीत एक आज्ञा देऊन माणूस जेवायला गेला, किंवा संगणकप्रणाली लिहिणाऱ्याने एका वाटेवर व्यवहार बंद करायची ओळ लिहायला विसरून ठेवली, एवढे पुरते. तो व्यवहार मागे घ्यावा लागला तर लागेल म्हणून त्याच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्याच नोंदी राखून ठेवाव्या लागतात; त्याच्या स्वतःच्या आणि त्यानंतर आलेल्या इतर हजारो व्यवहारांच्याही. अशा वेळी लॉगचे कितीही बॅकअप घेतले तरी कप्पे सुटत नाहीत. मग तो उघडा व्यवहार शोधून काढणे आणि त्याच्या धन्याला गाठणे एवढाच उपाय असतो. तो जबरदस्तीने बंद करता येतो. मात्र चार तास चाललेला व्यवहार मागे घ्यायलाही बराच वेळ लागू शकतो आणि त्या काळात सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्याने हे काम टळत नाही. सुरू होताच प्रणाली लॉग वाचून तेच काम पुन्हा हाती घेते.

तिसरा प्रकार दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतीचा. मुख्य डेटाबेसमधील प्रत्येक नोंद तिकडे पोचवायची असते. मधली जोडणी तुटली किंवा तिकडचा सर्व्हर कोणी बंद केला, की न पोचलेल्या नोंदी इकडे साचू लागतात. कधी कधी तर ती प्रत काढून टाकलेली असते, पण मुख्य डेटाबेसला तसे कोणी सांगितलेले नसते. तो बिचारा न येणाऱ्या पाहुण्यासाठी ताट वाढून बसलेला असतो.

नाव बदलावे लागले, त्याची गोष्ट

हे दुखणे एकट्या एसक्यूएल सर्व्हरचे नाही. ओरॅकलमध्ये 'रीडू लॉग'च्या ठरावीक फायली आळीपाळीने वापरल्या जातात आणि पुन्हा वापरण्याआधी प्रत्येकीची प्रत संग्रहात ठेवली जाते. संग्रहाची जागा भरली, की काम थांबते. ओआरए-००२५७ ही ती प्रसिद्ध त्रुटी. तेव्हा संग्रहातील फायली नेहमीच्या पद्धतीने हाताने खोडल्या, तर डिस्क मोकळी होते, पण ओरॅकलच्या स्वतःच्या हिशेबात ती जागा भरलेलीच राहू शकते. त्या फायली ओरॅकलच्याच बॅकअप साधनाकडून काढवाव्या लागतात. मायएसक्यूएलमधील 'बायनरी लॉग' हा काटेकोरपणे पाहता वेगळा प्रकार आहे, कारण तो मुख्यतः दुसऱ्या सर्व्हरवरील प्रतीसाठी आणि विशिष्ट क्षणापर्यंत माहिती परत आणण्यासाठी असतो. जुन्या आवृत्त्यांत तो किती दिवस ठेवायचा याला मर्यादाच घातलेली नसे. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून ३० दिवसांची मर्यादा मुळातच घातलेली असते.

सर्वांत बोलका अनुभव पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेसचा आहे. त्यात लॉगच्या १६-१६ एमबीच्या फायली 'पीजी एक्सलॉग' नावाच्या संचिकेत साठत. डिस्क भरली, की कोणीतरी जागा शोधायला निघे. त्याला नावात 'लॉग' असलेली, फायलींनी गच्च भरलेली ही संचिका दिसे आणि तो ती रिकामी करून टाकी. शेजारीच 'पीजी सीलॉग' होती. कोणता व्यवहार पूर्ण झाला आणि कोणता मागे घेतला गेला, याची खूण तिच्यात असे. तीही याच गैरसमजाला बळी पडे. त्यानंतर डेटाबेस सुरूच होत नसे. सावधगिरीच्या सूचना देऊन झाल्या, त्या कोणी वाचल्या नाहीत. अखेर २०१७ साली दहावी आवृत्ती काढताना या संचिकांची नावेच बदलण्यात आली : 'पीजी वॉल' आणि 'पीजी एक्सॅक्ट'. नाव बदलल्याने असंख्य पूरक साधने दुरुस्त करावी लागणार होती. तरीही तो त्रास पत्करला गेला. एका शब्दाने किती डेटाबेस मारले असतील याची यावरून कल्पना करावी.

एसक्यूएल सर्व्हरच्या बाबतीत हाच अपघात थोड्या निराळ्या वाटेने घडतो. डेटाबेस सर्व्हरपासून सोडवायचा, लॉग फाइल खोडायची आणि मुख्य फाइल एकटीच पुन्हा जोडायची, ही युक्ती वर्षानुवर्षे एकमेकांना सांगितली जाते. डेटाबेस नीट बंद झालेला असेल तर ती साधतेही. पण जागा संपून अडलेला किंवा अर्धवट व्यवहारासह बंद पडलेला डेटाबेस लॉगशिवाय जोडला जाऊ शकत नाही. मग उरते ती आणीबाणीची दुरुस्ती. तिने डेटाबेस उघडेल; पण पैसे काढल्याची नोंद आहे आणि जमा झाल्याची नाही, असे किती व्यवहार आत राहून गेले, हे सांगणारा कागद आपण स्वतःच फाडून टाकलेला असतो.

आकुंचनाचा मोह

लॉग फाइल लहान करण्याची आज्ञा प्रणालीत आहे. ती वापरू नये असे नाही. पण ती रोजच्या कामांच्या यादीत घालून ठेवण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते, ती निश्चितच वाईट. दर रविवारी आखडलेला लॉग सोमवारपासून पुन्हा वाढू लागतो. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर नवी जागा शून्यांनी भरून घ्यावी लागते आणि तोवर व्यवहार खोळंबतात. मुख्य फाइलची वाढ या भरणीशिवाय करता येते, लॉगची मात्र येत नाही. २०२२ सालच्या आवृत्तीत ६४ एमबीपर्यंतच्या आपोआप होणाऱ्या वाढीला सूट मिळाली, इतकेच. शिवाय लहान लहान टप्प्यांनी वाढलेल्या लॉगमध्ये कप्प्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते आणि मग सर्व्हर सुरू होताना किंवा बॅकअप परत लावताना विनाकारण वेळ मोडतो. उलट टोकही बरे नव्हे. २०१६ पूर्वीच्या आवृत्त्यांत लॉगची वाढ मुळात १० टक्क्यांनी ठरवलेली असे. १०० जीबीच्या फाइलचे १० टक्के म्हणजे एका झटक्यात १० जीबी. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती ६४ एमबी करण्यात आली. पण जुने डेटाबेस नव्या सर्व्हरवर आणले तरी आपली जुनी सवय बरोबर घेऊन येतात.

आकुंचन योग्य ठरते ते एकदाच घडलेल्या प्रसंगानंतर. मूळ कारण सापडले, दूर झाले, कप्पे मोकळे झाले. आता १४० जीबीची फाइल बाळगण्याचे कारण नाही, तेव्हा ती जरूर लहान करावी. फाइल शेवटाकडून कापली जाते. त्यामुळे चालू नोंदी शेवटच्या कप्प्यात असतील तर ती पहिल्या फटक्यात हटत नाही. लॉगचा आणखी एक बॅकअप घेऊन, नोंदी सुरुवातीच्या कप्प्यांत सरकल्यावर पुन्हा प्रयत्न करावा. मग ती अगदी लहान तशीच न सोडता, गरजेएवढी एकदम वाढवून ठेवावी.

ही गरज किती, याचे सरधोपट उत्तर नाही. मुख्य फाइलच्या पाव भाग, निम्मा भाग असे जे ठोकताळे सांगितले जातात त्यांना फारसा आधार नसतो, कारण लॉगचा आकार साठलेल्या माहितीवर ठरत नाही. तो ठरतो दोन बॅकअपच्या मध्ये किती बदल होतात आणि सर्वांत मोठा एकटा व्यवहार केवढा आहे, यांवर. गर्दीच्या वेळी मिनिटाला ३०० एमबी नोंदी होत असतील आणि लॉगचा बॅकअप दर १५ मिनिटांनी असेल, तर त्यासाठी ४.५ जीबी लागतील. पण त्याच डेटाबेसमध्ये रविवारी रात्री ४० जीबीच्या तक्त्याची सूची नव्याने बांधली जात असेल, तर 'फुल' पद्धतीत जवळपास तेवढाच लॉग एका दमात लागेल आणि ४.५ जीबीचा हिशेब कोलमडेल. म्हणून महिनाअखेरीसह किमान महिनाभर लॉग किती भरतो ते पाहावे, आणि जो उच्चांक दिसेल त्यावर थोडी मोकळी जागा ठेवून आकार ठरवावा.

तो उच्चांकच खाली आणता आला तर अधिक चांगले. दहा वर्षांपूर्वीच्या एक कोटी नोंदी एकाच आज्ञेने काढून टाकणे हा लॉग फुगवण्याचा हमखास मार्ग आहे. त्या मागे घेण्याची वेळ आली तर लागेल म्हणून प्रणाली वर आणखी जागाही राखून ठेवते. तेच काम १०-१० हजारांच्या १,००० तुकड्यांत केले आणि मध्ये लॉगचे बॅकअप चालू राहिले, तर वेळ थोडा अधिक लागतो, पण फाइल जागची हलत नाही.

अडलेल्या सकाळी

खोळंबा प्रत्यक्ष झालेला असताना क्रम महत्त्वाचा. आधी कारणाचा रकाना वाचावा. 'लॉग बॅकअप' असे उत्तर असेल तर दुसऱ्या डिस्कवर किंवा जाळ्यावरील दुसऱ्या संगणकावर लॉगचा बॅकअप घ्यावा. बहुधा तेवढ्याने काम सुरू होते. त्यालाही वेळ नसेल, तर दुसऱ्या डिस्कवर आणखी एक लॉग फाइल तात्पुरती जोडता येते. धोका टळल्यावर ती काढून टाकावी. डेटाबेस 'सिंपल' पद्धतीवर नेणे हा उपायही तत्काळ लागू पडतो. पण त्याने लॉगच्या बॅकअपची साखळी तुटते. तो केलाच, तर पुन्हा 'फुल'वर येऊन लगोलग संपूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय त्या दिवशी घरी जाऊ नये. पूर्वी लॉग बॅकअपविनाच छाटण्याची एक सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये होती. २००८ सालच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ती काढून टाकली. लोक ती सर्रास वापरत आणि साखळी तुटली आहे हे संकट आल्यावर कळे. आता काही जण बॅकअप 'नल' नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या उपकरणावर घेऊन तीच गोष्ट साधतात. नाव बॅकअपचे, कृती कचऱ्याच्या टोपलीची.

लहान कार्यालयांची, दवाखान्यांची, पतसंस्थांची अडचण आणखी वेगळी. तेथे हिशेबाची प्रणाली बसवून देणारा निघून गेलेला असतो आणि सर्व्हरला वाली उरलेला नसतो. एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत 'एक्स्प्रेस' आवृत्तीत ठरल्या वेळी कामे करणारा 'एजंट' नसतो. बॅकअपची वेळ विंडोजच्या वेळापत्रकातून लावावी लागते, नाही तर तो घेतला जात नाही. या आवृत्तीत मुख्य फाइलच्या आकाराला मर्यादा आहे, लॉगला ती लागू नाही. त्यामुळे खतावणी मर्यादेत आणि कीर्द मोकाट असे दृश्य तेथे दिसू शकते. अशा संस्थेने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : किती वेळाचे काम हरवले तर चालेल? एक दिवसाचे काम पावत्यांच्या स्थळप्रतींवरून पुन्हा भरता येत असेल, तर 'सिंपल' पद्धत आणि रोजचा संपूर्ण बॅकअप हा प्रामाणिक तोडगा आहे. त्यात कमीपणा काही नाही. पंधरा मिनिटांच्या वर काही गमावता येत नसेल, तर 'फुल' पद्धत आणि दर पंधरा मिनिटांनी लॉगचा बॅकअप. या दोन्हींच्या मधली, 'फुल' पद्धत आणि लॉगचा बॅकअप मुळीच नाही, ही अवस्था सर्वांत वाईट; आणि ती कोणी ठरवून निवडलेली नसते.

त्या पंधरा मिनिटांच्या शिस्तीचे फळ केव्हा मिळते? दुपारी २ वाजून १७ मिनिटांनी कोणाच्या हातून चुकीच्या आज्ञेने सगळ्या ग्राहकांची शिल्लक शून्य झाली, तर डेटाबेस २ वाजून १६ मिनिटांच्या स्थितीत परत आणता येतो. मुख्य फाइलची डिस्क अचानक नादुरुस्त झाली आणि लॉग दुसऱ्या डिस्कवर शाबूत असेल, तर त्याच्या शेवटच्या तुकड्याचाही बॅकअप घेता येतो आणि अखेरच्या पावतीपर्यंत काहीही न गमावता सारे उभे राहते. लॉग आणि मुख्य फाइल वेगवेगळ्या डिस्कवर ठेवण्याचा आग्रह यासाठीच धरला जातो.

अर्थात, लॉगचे बॅकअप घेऊ लागले की आकाराचा प्रश्न नाहीसा होत नाही, तो बॅकअपच्या डिस्कवर स्थलांतरित होतो. दर पंधरा मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला ९६ फायली, महिन्याला सुमारे २,९००. त्या कधीतरी काढाव्या लागणारच. तेथे नियम असा, की जपून ठेवलेल्या सर्वांत जुन्या संपूर्ण बॅकअपच्या आधीच्या फायली खुशाल काढाव्यात. त्याच्या नंतरची मात्र एकही नाही. मधली एक जरी गेली, तरी तिच्यापुढच्या फायली त्या जुन्या बॅकअपवर लावता येत नाहीत. साखळी अखंड आहे की नाही हे फायली मोजून कळत नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर संपूर्ण बॅकअप आणि त्यामागचे सारे लॉग क्रमाने लावून पाहावे लागतात. त्याला अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस बहुतेक कार्यालयांच्या वेळापत्रकात नसतो.